डिअर लॉजच्या कुरणात अण्णा

शुक्रवार

अण्णा अमेरिकेत आले की त्यांना दाखवायचं काय, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न. उंच इमारती बघून त्यांची मान अवघडते, समुद्र बघून त्यांना झोप येते आणि मॉलमध्ये ते दारातल्या बाकड्यावर बसून राहतात. सांगोला तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी हयात काढलेला माणूस. चार जनावरं नजरेला पडली नाहीत तर त्यांना करमत नाही. म्हणून या जुलैत नवऱ्याने मोन्टानातलं डिअर लॉज नावाचं गाव शोधून काढलं. तिथे ग्रँट-कोर्स रँच आहे. दीडशे वर्षांहून जुना गुरांचा वाडा, आता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात.

"जनावरं आहेत का नुसत्याच पाट्या लावल्यात?" अण्णांनी विचारलं.

"आहेत म्हणे."

"मग चला."

सिअॅटलहून पहाटे निघालो. नव्वद नंबरचा महामार्ग एकदा धरला की वळायचं काही कामच नाही. कोलंबिया नदी, स्पोकेन, आयडाहोचा चिंचोळा पट्टा, लुकआउट घाट. घाटमाथ्यावर मोन्टाना लागतं आणि घड्याळ तासभर पुढे करावं लागतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी स्पोकेनच्या आधीच संपली होती, त्यामुळे पुढच्या प्रवासाबद्दल कुणी फार बोललं नाही.

मिझूलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेही थांबायचं ठरलं नव्हतं, पण पाय मोकळे करायला मिलटाउनला उतरलो. इथे ब्लॅकफूट नदी क्लार्क फोर्कला मिळते. संगमावर एक धरण होतं, 2008 मध्ये ते फोडून नदी मोकळी केली. का फोडलं, तर वर ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणींचा गाळ शंभर-सव्वाशे मैल वाहत येऊन या धरणामागे साठला होता आणि त्यातलं आर्सेनिक गावाच्या विहिरींत उतरलं होतं. अण्णांनी माहितीफलक लेकीकडून वाचून घेतला आणि विचारलं, "आपण जातोय ते गाव या नदीच्या वरच्या अंगाला का खालच्या?" वरच्या. ब्यूट आणि मिलटाउन यांच्या मधलं. "म्हणजे हा गाळ त्यांच्या शेतातनंच आला असणार," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. रविवारी त्यांचं म्हणणं खरं ठरायचं होतं.

डिअर लॉजला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड होता.

शनिवार

रँच गावाच्या अगदी कडेला आहे. प्रवेशाला तिकीट नाही. चपट्या काठाची टोपी घातलेली रेंजर बाई दारातच भेटली. लेकीला 'ज्युनियर रेंजर'ची वही मिळाली, अण्णांना नकाशा. नकाशापेक्षा त्यांचं लक्ष फलकावरच्या सालाकडे. हे ऐतिहासिक स्थळ सरकारने जाहीर केलं ते ऑगस्ट 1972 मध्ये. "बहात्तर!" अण्णा म्हणाले. आमच्याकडच्या त्या पिढीला बहात्तर म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. रोजगार हमीची खडी, सुकडी आणि दावणीला उभ्या राहिलेल्या बरगड्या. "आम्ही जनावरं सोडून देत होतो तेव्हा हे लोक त्यांचं म्युझियम करत होते."

हे भाषांतर मी रेंजरला ऐकवलं नाही. लेकीने ऐकवलं. रेंजर हसली नाही. तिने दुष्काळाबद्दल दोन प्रश्न विचारले, मग म्हणाली, "मग तुम्हाला आमचा 1887 चा हिवाळा सांगितला पाहिजे. पण आधी सुरुवातीपासून."

सुरुवात जॉनी ग्रँटपासून. त्याचा बाप फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा माणूस, फोर्ट हॉलच्या ठाण्यावर. 1850 च्या दशकात पूर्वेकडून ओरेगॉनकडे निघालेले बैलगाड्यांचे तांडे त्या वाटेने जायचे. हजार-दीड हजार मैल चालून बैल रोडावलेले, खूर झिजलेले. ग्रँट वाटेवर आपली ताजी, धडधाकट जनावरं घेऊन उभा. व्यवहार असा की दोन थकलेली द्या आणि एक ताजं घ्या. थकलेली तो खोऱ्यात आणून चारायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गुटगुटीत होऊन पुढच्या तांड्यापुढे एकास दोनने उभी राहायची.

अण्णा ऐकता ऐकता थांबले. "हा तर हेडा!"

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारा हेडा त्यांनी आयुष्यभर पाहिलेला, त्यामुळे ग्रँट त्यांना दोन मिनिटांत कळला. मला कळायला मात्र रेंजरचं पुढचं बोलणं लागलं. ग्रँटची बायको क्वारा ही इथल्या बॅनक-शोशोनी आदिवासींतली, त्यांचा पुढारी टेंडॉय हा तिचा भाऊ. (ग्रँटच्या आणखीही बायका होत्या, त्याबद्दल अण्णांनी सोयिस्कर मौन पाळलं.) एकट्या परक्या माणसाचे कळप या खोऱ्यात निर्धास्त चरू शकले, त्यात या सोयरिकीचा वाटा मोठा. कुंपण नव्हतं, पोलीस नव्हते, नातं होतं. रँचच्या नावात क्वारा कुठेच नाही. पण रेंजरने तिचं नाव पहिल्या पाच मिनिटांत घेतलं, हे मला बरं वाटलं.

1862 मध्ये ग्रँटने इथे दुमजली घर बांधलं. ओंडक्यांचंच, पण वरून पांढऱ्या फळ्या मारलेलं. खोऱ्यात तेव्हा झोपड्या आणि तंबू. त्यामुळे त्या काळच्या वर्तमानपत्राने त्याच्या 28 खिडक्या आणि हिरवी झडपं यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. मग सोन्याच्या शोधात गोरे लोक लोटले आणि ग्रँटच्या मिश्र कुटुंबाला इथलं वारं मानवेना. 1866 मध्ये त्याने 19,200 डॉलरला रँच विकली. क्वारा पुढच्या वर्षी क्षयाने गेली आणि तो मुलांना घेऊन कॅनडाकडे निघाला.

घेणारा कॉनराड कोर्स हा खाटीक. जर्मनीच्या उत्तरेकडच्या होलस्टाइनमधला. पोरवयात जहाजावर चढला, सोनं शोधत 1862 मध्ये बॅनक नावाच्या खाणगावात आला आणि सोन्याऐवजी मटणाच्या दुकानात नोकरीला लागला. दुकानाच्या मालकाने पुढे तिथला शेरिफ झालेल्या माणसावर गोळी झाडली आणि गाव सोडून पळ काढला. दुकान आपसूक कोर्सकडे आलं. खाणीत सोनं लागो न लागो, माणूस रोज जेवणारच, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. दुकानांची साखळी झाली, दुकानांना जनावरं लागली, जनावरांना कुरण लागलं.

घराचा फेरफटका मार्गदर्शकाबरोबरच करता येतो. घर सुंदर आहे यात वाद नाही. 1890 मध्ये कोर्सने मागे विटांचं नवं दालन जोडलं, त्यात नळाचं पाणी आणि घर गरम ठेवायची सोय. भारी लाकडी सामान, पडदे, गालिचे, काचेची भांडी, आणि सगळं मूळचं. आत्ता बाजारातून आणून मांडलेलं नाही. याचं श्रेय ऑगस्टा कोर्सला. लग्न होऊन 1868 मध्ये ती एकोणीस वर्षांची पोर मिसूरी नदीतून आगबोटीने फोर्ट बेंटनला आणि तिथून गाडीतून इथे आली, आणि 1945 मध्ये चांगली 96 वर्षांची होऊन गेली. नवरा 1920 मध्येच गेलेला, एकुलता मुलगा 1901 मध्ये, एकविसाव्या वर्षी. पुढे नातू कॉनराड वॉरन आणि त्याची बायको नेल यांनीही काही टाकलं नाही, विकलं नाही. म्हणून उद्यान सेवेला घर मिळालं ते सामानासकट.

पण खरं सांगायचं तर असली घरं मी याआधीही पाहिली आहेत. दोरीच्या पलीकडे पियानो, दोरीच्या अलीकडे आपण. श्रीमंत माणसाचं जेवणाचं टेबल कुठेही गेलं तरी जेवणाचं टेबलच. अण्णा तर दिवाणखान्यात उभे राहून खिडकीतून बाहेर गोठ्याकडे बघत होते.

घराच्या मागेच गड्यांच्या खोल्या आहेत. तिथे गोष्ट एकदम बदलते. लोखंडी खाटा, भिंतीला खुंट्या, एक शेगडी, पत्ते खेळायचं टेबल. काउबॉयला महिना तीस-चाळीस डॉलर मिळायचे आणि खोगीर त्याचं स्वतःचं असायचं. बहुतेक वेळा तेवढीच त्याची इस्टेट. कोर्स आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन बीलेनबर्ग यांचा पसारा भरात होता तेव्हा त्यांची गुरं चार राज्यांत आणि कॅनडात मिळून एक कोटी एकर रानावर चरायची. एवढी जमीन विकत घेतलेली नव्हती. सरकारी मोकळं रान होतं, आणि त्याआधी तिथल्या आदिवासींचं होतं. 1883 मध्ये रेल्वे झाल्यावर वर्षाला आठ-दहा हजार जनावरं गाडीत भरून शिकागोला जायची. हे सगळं ज्यांनी घोड्यावर बसून हाकलं ते या खाटांवर निजायचे.

दुपारी चक वॅगन. म्हणजे काउबॉयांचं चालतं स्वयंपाकघर. टेक्ससमधल्या चार्ल्स गुडनाइटने 1866 मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीला मागे खणांचं कपाट बसवून ती पहिल्यांदा केली. कपाटाचं झाकण खाली पाडलं की तोच ओटा. एक स्वयंसेवक आजोबा चुलीवर कॉफी उकळत बसले होते. कॉफी गाळत नाहीत. उकळून झाली की वरून गार पाण्याचा हबका मारतात, चोथा तळाला बसतो. आम्हाला एकेक पत्र्याचा कप मिळाला. जिभेवर चोथा येतोच. आजोबांनी सांगितलं, तेव्हा आर्बकल्स नावाच्या कॉफीच्या पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असायची, आणि जो गडी कॉफी दळून देईल त्याला स्वयंपाकी ती द्यायचा. दिवसभर उधळलेल्या बैलांमागे घोडा घालणारी माणसं त्या गोळीसाठी रांग लावायची! लेकीने लगेच हात वर केला. कॉफी दळलेलीच होती, तरी तिला कांडी मिळाली.

त्याच सावलीत रेंजरने हिवाळा सांगितला. 1886 चा उन्हाळा कोरडा गेलेला. गवत खुरटं, आणि मोकळ्या रानावर मावतील त्याहून जास्त जनावरं घातलेली. जानेवारीत बर्फ पडलं, मध्येच उबदार वारा सुटून वरचा थर वितळला आणि पुन्हा थंडी पडल्यावर त्याचं टणक कवच झालं. घोडा टापेने बर्फ उकरतो, रानगवा डोकं हलवून बाजूला सारतो. गाय नुसतं तोंडाने ढकलते. कवच फुटेना, तोंडं रक्ताळली, जनावरं वाऱ्याच्या दिशेने चालत राहिली आणि दरीच्या तोंडाशी, नदीच्या काठाला अडकून ढिगाने मेली. किती मेली ते बर्फ वितळल्यावर कळलं.

"वैरण साठवलेली नव्हती?" अण्णा.

"फारशी नाही. रानात गवत फुकट होतं. कापून ठेवायची मजुरी कोण देणार?"

अण्णा बराच वेळ कपाकडे बघत होते. मग लेकीला म्हणाले, "सांग त्यांना, 2003 ला आमच्याकडं चारा छावणी होती. मी होतो ड्यूटीला. उसाचं वाढं आणून घालायचो. बांधलेलं जनावर मरायला लागलं तर रोज दिसतं, मालकाला झोप लागत नाही. मोकळं सोडलेलं दिसत नाही, म्हणून एवढी मेली." लेकीने जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. कॉफीवाल्या आजोबांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

कितीतरी मालक त्या हिवाळ्यानंतर कायमचे उठले. कोर्स का उठला नाही? तर ब्यूटचा ए. जे. डेव्हिस, ज्याचा पैसा खाणी आणि बँकेतून आलेला, त्याने त्याला एक लाख डॉलर उभे करून दिले. तारण काही नाही, निव्वळ शब्दावर. यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "व्याज किती?" आणि दुसरा, "आमच्या सोसायटीला असा चेअरमन का मिळत नाही?"

संध्याकाळी गावातला जुना तुरुंग पाहिला. 1871 पासून 1979 पर्यंत चालू होता, तटबंदी कैद्यांनीच बांधलेली. कंटाळा आला, लवकर निघालो.

रविवार

सकाळी गवताचा वास आला आणि अण्णा आमच्या आधी गाडीत जाऊन बसले.

या दिवसांत इथे गवत कापणी चालते. 1887 नंतर मोन्टानाच्या गुरेवाल्यांनी धडा घेतला. उन्हाळाभर गवत कापायचं, वाळवायचं, रचून ठेवायचं, हे मुख्य काम झालं. काउबॉय घोड्यावरून उतरले आणि हातात पंजेटं घेतली. त्याची चित्रं कुणी भिंतीला लावत नाही, पण रँच टिकली ती या कामावर. इथे ते अजून घोड्यांकडून करून दाखवतात. टनाच्या आसपास वजनाचे दोन घोडे, भुरक्या आयाळीचे, कापणीच्या यंत्राला जुंपलेले. इंजिनाचा आवाज नाही; पात्यांची खटखट आणि हाकणाऱ्याचं पुटपुटणं.

आणि शेताच्या कडेला ते अचाट धूड: बीव्हरस्लाइड. लॉजपोल पाइनच्या उंच वाशांची तिरपी चौकट, लहान मुलांची घसरगुंडी उलटी वापरावी तशी. खाली गवताचा ढीग एका लाकडी पंजावर घेतात, तारेचे दोर कप्प्यांवरून पलीकडे जातात, तिकडे घोडे चालायला लागले की पंजा उतारावरून वर चढतो आणि माथ्यावरून गवत पलीकडे गंजीवर कोसळतं. वीस-तीस फूट उंच गंज अशी बिनइंजिनाची लागते. इथून दक्षिणेला बिग होल खोरं आहे, तिथल्या दोन शेतकऱ्यांनी हे यंत्र काढून 1910 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

अण्णांनी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. गंज पावसात आतून कुजू नये म्हणून माथा कसा करतात, हा त्यांचा प्रश्न. उत्तर मिळालं की मधोमध घट्ट तुडवून उंच ठेवतात आणि कडा उतरत्या, म्हणजे पाणी आत मुरत नाही. कडब्याची गंजसुद्धा तशीच रचतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा, मोन्टानात उभं राहून कळलं.

पलीकडच्या कुरणात लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड गुरं होती. नातू वॉरनने याच जातीची निवडक पैदास केली होती. अण्णांनी कुंपणावर हात ठेवून एकेकीची पाठ, पाय, कास डोळ्यांनी मोजली. "खाऊन पिऊन सुखी आहेत. पण कामाची नाहीत. आमची खिलार बघा म्हणावं, काटक." एका पुठ्ठ्यावर डाग होता, सी आणि के. कोर्सची ही खूण अमेरिकाभर गाजलेली. डाग कसा वाचायचा हेही इथे शिकवतात: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, अक्षर आडवं असेल तर त्याला आळशी म्हणतात. गावाकडे आता प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. तो वाचायला मोबाइल लागतो.

लेक तोवर लाकडी खोट्या बैलाच्या शिंगांत फास टाकायला शिकत होती. फास मनगटातून फिरवायचा, खांद्यातून नाही. एकदा पडला तेव्हा तिने एवढी आरोळी ठोकली की खऱ्या गाईंनी माना वळवल्या.

मग नदीकडे गेलो. शुक्रवारचा क्लार्क फोर्क इथे रँचमधूनच जातो. 1908 च्या महापुरात ब्यूटच्या खाणींचा आणि अॅनाकोंडा गावच्या तांबं गाळायच्या भट्ट्यांचा कचरा वाहत येऊन या काठाच्या कुरणांवर पसरला. तांबं आणि आर्सेनिक इतकं की जागोजागी नुसते उघडे, मळकट चट्टे राहिले. गवताची काडी उगवेना. गेल्या काही वर्षांत सरकारने इथली माती उपसून नेली, नवी आणून टाकली आणि विलोची रोपं लावली. प्रत्येक रोपाला जाळी, नाहीतर हरणं ठेवत नाहीत.

मला या काठावर उभं राहिल्यावर सगळी गोष्ट जुळली. कोर्सचा पहिला पैसा खाणकामगारांना मटण विकून आला. त्याला बुडताना वाचवलं ते ब्यूटच्या खाणवाल्याच्या कर्जाने. आणि त्याच ब्यूटने त्याच्या चाऱ्यात विष कालवलं. पर्यटकांना काउबॉय दाखवून, कॉफी पाजून घरी पाठवणं सोपं होतं. नदीकाठची वाट बंद ठेवली असती तर आमच्यासारख्याला पत्ताही लागला नसता. इथे मात्र वाट मुद्दाम त्या बाजूने काढली आहे आणि पाटीवर आर्सेनिक हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. उद्यान सेवेचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटलं ते याचं.

परत येताना लोहारशाळेत शिरलो, आणि बाकीची सकाळ तिथेच गेली.

लोहार म्हणजे चामड्याचा एप्रन बांधलेला, मिशीवाला पन्नाशीचा गडी. भात्याने कोळसा फुलवून घोड्याचा नाल करून दाखवत होता. लोखंड पिवळं होईतो तापवायचं, ऐरणीच्या शिंगावर वाकवायचं, लाल उतरायच्या आत भोकं पाडायची. अण्णा पुढे सरकले आणि म्हणाले, "विचार, बैलाला काय मारायचे?" लोहाराने हातोडा ठेवला. खण उघडला आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे दोन चपटे तुकडे अण्णांच्या तळहातावर ठेवले.

"पत्री!" अण्णा म्हणाले.

गाईबैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन तुकडे, चार पायांना आठ. खिळा बाहेरच्या कडेने, जिवंत भागाला न लावता. अण्णांनी तुकडा उलटा करून कडेवरची भोकं बोटाने चाचपली आणि डावा कुठला, उजवा कुठला ते बरोबर सांगितलं. लोहार म्हणाला, इथे येणारी माणसं याला तुटलेला नाल समजतात. ओरेगॉनच्या वाटेवर बैलांचे खूर झिजायचे ते हे निघून पडल्यामुळे. जॉनी ग्रँटचा धंदा याच दोन तुकड्यांवर उभा होता, असंही तो म्हणाला. शनिवारी दिवसभर ऐकलेलं मला तेव्हा नीट समजलं.

मग वाद सुरू झाला तो बैलाला धरायचं कसं यावर. बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही. इथे लाकडी चौकटीत पट्ट्याने पोटाखालून उचलून धरायचे. अण्णा म्हणाले, कशाला? दोर घालून पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, मानेवर एकाने बसायचं. लोहाराचा विश्वास बसेना. अण्णांनी त्याच्याच दोरीने जमिनीवर फास मांडून दाखवला, पण बैल नसल्यामुळे ते प्रात्यक्षिक काही पूर्ण झालं नाही. "उद्या सकाळी मी आहे इथे," लोहार म्हणाला.

दुपारी ब्यूटला जाऊन बर्कली पिट बघून आलो. 1955 ते 1982 उपसलेली, आता आम्लाच्या पाण्याने भरलेली खाण. काठावरच्या सज्जातून बघायचे पैसे घेतात. येताना अॅनाकोंडाची 585 फुटी धुरांडी लांबूनच दिसली. अण्णा गाडीत मोबाइलवर होते. आपल्याकडे पहाट झाली असणार, तरी त्यांनी चुलतभावाला उठवलं होतं.

सोमवार

सकाळी नाश्त्याला अण्णांनी मोबाइल पुढे केला. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला होता. तळ्याच्या कडेला पांढरा खिलार, दोघांनी दोर ओढला, बैल अलगद कुशीवर. नालबंदाने खूर तासला, पत्री बसवली, खिळे ठोकून टोकं वळवली. चार पाय व्हायला अर्धा चहा लागला असेल. शेवटी चुलतभावाचा चेहरा आणि "दिसलं का रं?" असा आवाज.

घरी परतायला निघायचं होतं, पण आधी लोहारशाळा. लोहाराने व्हिडिओ तीनदा पाहिला. दुसऱ्या वेळी रेंजर बाईला हाक मारली, तिसऱ्या वेळी कॉफीवाले आजोबा आले. दोर शिंगांपासून मागे कसा आणला ते त्यांना थांबवून थांबवून बघायचं होतं. बैल ओरडत कसा नाही, हा रेंजरचा प्रश्न. "सवयीचा असतो, आणि माणसं ओळखीची," अण्णा म्हणाले, या वेळी थेट इंग्रजीत. व्हिडिओ रँचकडे ठेवायला मिळेल का, असं तिने विचारलं. अण्णांनी चुलतभावाला विचारून सांगतो म्हटलं; परवानगी घेण्याची ही पद्धत त्यांना सरकारी नोकरीत लागलेली आहे. लेकीला तेवढ्यात बिल्ला मिळाला, शपथ घेऊन.

निघताना लोहाराने कुंपणापलीकडे बोट केलं. तिथे एक हेरफर्ड वळू रवंथ करत उभा होता, आडवा भरलेला, मानेला वळी. पुढच्या जुलैत आलात तर त्याला पाडून दाखवाल का, असं तो हसत हसत म्हणाला.

अण्णांनी वळूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"याला पाडायला आमच्या गावातली चार माणसं आणावी लागतील," ते लेकीला म्हणाले. "सांग त्यांना, आधी त्यांच्या व्हिसाचं बघा."